यहूदाची वंशावळ: पेरेसचे नाव कोणाखाली लिहावे, आणि दावीदापर्यंत दहाच पिढ्या कशा?

प्रश्न (अमळनेरहून)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेतील मुलांसाठी मी याकोबाचा मुलगा यहूदा याच्या घराण्याचा तक्ता तयार करत आहे. चार कार्डशीट मागून चिकटवून एक मोठा कागद केला आहे, वरच्या टोकाला यहूदाचे नाव शाईने लिहिले आहे आणि त्याखालचे सगळे अजून पेन्सिलीनेच आहे, कारण दोन ठिकाणी माझा हात अडला आहे.

पहिली अडचण बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायातली आहे. यहूदाला शूवा नावाच्या कनानी माणसाच्या मुलीपासून एर, ओनान आणि शेला असे तीन मुलगे झाले. थोरल्या एराचे लग्न तामारेशी झाले आणि तो मूलबाळ न होता वारला. ओनानाने दिराचे कर्तव्य टाळले, तोही वारला. धाकटा शेलाही हातचा जाईल या भीतीने यहूदाने त्याला तामारेपासून दूर ठेवले आणि अखेर खुद्द सासऱ्यापासून तामारेला पेरेस व जेरह ही जुळी मुले झाली. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तर असा नियम आहे की, दिरापासून होणारा पहिला मुलगा मयत भावाच्या नावाने चालावा. तसे असेल तर पेरेसची रेघ मी एराकडे न्यावी की यहूदाकडे? रूथच्या पुस्तकातही हाच पेच आहे. रूथेचा मयत नवरा महलोन याचे नाव त्याच्या वतनावर कायम राहावे म्हणून मी रूथेशी लग्न करतो, असे बवाज वेशीतल्या साक्षीदारांसमोर सांगतो, पण त्याच अध्यायाच्या शेवटी असलेल्या यादीत ओबेदाचा बाप म्हणून बवाजाचेच नाव येते आणि महलोनाचा उल्लेखही होत नाही.

दुसरी अडचण पिढ्यांची आहे. पेरेस, हेस्रोन, राम, अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय आणि दावीद एवढ्याच दहा पिढ्या आहेत. मिसर देशात काढलेली ४३० वर्षे निर्गमाच्या १२व्या अध्यायात दिली आहेत, आणि मिसरातून निघाल्यापासून दावीदाचा मुलगा शलमोन याच्या राज्याच्या चौथ्या वर्षापर्यंतची ४८० वर्षे १ राजे ६:१ मध्ये दिली आहेत. गेल्या रविवारी सातवीतल्या एका मुलीने तक्त्याकडे पाहून विचारले, "बाई, मग या सगळ्यांना शंभर वर्षांचे झाल्यावर मुले झाली का?" मी तिला पुढच्या रविवारी सांगते असे म्हटले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शिरपूरहून, निवृत्त शिक्षक)

ताई, त्या मुलीला शाबासकी द्या. तिने जे विचारले ते आकडे मांडले की लगेच दिसते, आणि तरीही बहुतेक लोक ही यादी आयुष्यभर ऐकतात आणि हिशेब म्हणून तिच्याकडे कधी पाहत नाहीत.

दावीद तिसाव्या वर्षी राजा झाला आणि त्याने ४० वर्षे राज्य केले. म्हणजे शलमोनाच्या चौथ्या वर्षापासून मागे मोजल्यास त्याचा जन्म साधारण ७४ वर्षे आधीचा ठरतो, आणि ४८० मधून ते वजा केल्यास मिसरातून निघणे व दावीदाचा जन्म यांच्यात सुमारे ४०० वर्षे उरतात. मिसरातून निघताना नहशोन हा यहूदा वंशाचा सरदार होता. गणनेच्या पहिल्याच अध्यायात, जिथे यहूदाचे ७४,६०० लढवय्ये मोजले आहेत, तिथे त्याचे नाव आहे. तेव्हा नहशोन आणि दावीद यांच्यामध्ये सल्मोन, बवाज, ओबेद व इशाय हे चौघेच राहतात. चार माणसांवर चारशे वर्षांचा भार पडतो, हे तिचे म्हणणे अगदी रास्त आहे.

आता याच काळाची दुसरी मोजपट्टी शास्त्रातच आहे. निर्गम ६:२३ प्रमाणे नहशोनाची बहीण अलीशेबा ही मोशेचा भाऊ अहरोन याजक याची बायको, म्हणजे अहरोन आणि नहशोन हे मेहुणे, एका पिढीचे. दुसऱ्या टोकाला सादोक याजक हा दावीदाच्या दरबारातला, म्हणजे दावीद आणि सादोक हेही एका काळाचे. १ इतिहासाच्या ६व्या अध्यायात अहरोनानंतर एलाजारापासून सादोकापर्यंत दहा नावे येतात, आणि नहशोनानंतर सल्मोनापासून दावीदापर्यंत पाचच. सुरुवात तीच, शेवट तोच, तरीही एका घराण्याच्या दहा पिढ्या आणि दुसऱ्याच्या पाच. यहूदाच्या यादीतून काही नावे गळली आहेत, याला मला याहून सरळ पुरावा माहीत नाही.

ही गळती निष्काळजीपणाची मानू नये. इब्री भाषेत 'बेन' या शब्दाचा अर्थ मुलगा असा होतो, तसाच नातू, पणतू किंवा वंशजही होतो. मत्तयाने पहिल्या अध्यायात योरामाला उज्जीया झाला असे लिहिले आहे, परंतु त्या दोघांच्या मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे होऊन गेले हे राजांच्या इतिहासावरून कोणालाही पडताळता येते. त्याला चौदा-चौदांचे तीन गट करायचे होते, आणि दावीद या नावाच्या इब्री अक्षरांची बेरीज १४ भरते. रूथच्या यादीत पेरेसपासून मोजले असता बवाज सातवा येतो आणि दावीद दहावा. दहा हा आकडा तिथे जाणूनबुजून धरलेला आहे, असे माझे मत आहे.

नावे नेमकी कुठे गळली असावीत, याचाही अंदाज बांधता येतो. बवाज, ओबेद, इशाय आणि दावीद यांच्यामध्ये जागा नाही, कारण रूथची गोष्ट आणि शमुवेलाचा वृत्तांत त्यांना सख्ख्या बापलेकांसारखे बांधून ठेवतात. राहता राहिले दोन सांधे: एक मिसरातला, जिथे हेस्रोनापासून नहशोनापर्यंत मध्ये राम व अम्मीनादाब हे दोघेच उभे आहेत, आणि दुसरा शास्त्यांच्या (राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांच्या) काळातला, म्हणजे सल्मोन व बवाज यांच्यामधला. माझ्या मते आपण तक्त्यावर या दोन जागी सलग रेघ न मारता तुटक रेघ मारावी.

उत्तर २ (भुसावळहून)

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण घराण्यांच्या वंशावळी जमवण्याचा मला वीस वर्षांचा नाद आहे, आणि त्या निमित्ताने जुना करार वंशावळींसाठीच पुन्हापुन्हा वाचला आहे. ताईंच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आमच्याकडे लहानपणी भाट वही घेऊन येत असे. ओसरीवर जाजम अंथरायचे, आजोबा पागोटे घालून बसायचे आणि भाट लांबट वहीची लाल कापडाची गुंडाळी सोडून मूळ पुरुषापासून नावे वाचायला लागायचा. एके वर्षी त्याने आजोबांच्या चुलत्याचे नाव वाचले आणि पुढे "लावल्द", म्हणजे मूलबाळ नाही, एवढेच म्हणून तो खालच्या ओळीवर गेला. आजोबांनी त्याला थांबवले आणि ते नाव पुन्हा वाचायला लावले. पुढे काहीच लिहिलेले नव्हते, तरी त्यांना ते दोनदा ऐकायचे होते. एराच्या बाबतीत मला नेहमी तोच प्रसंग आठवतो.

तामारेची गोष्ट खान्देशातल्या माणसाला परकी वाटू नये. धाकट्या दिराशी पाट लावण्याची रीत आपल्याकडेही काही समाजांत होती, आणि मागे राहिलेल्या विधवेचे काय करायचे व वाटणी कोणाकडे जायची हे दोन प्रश्न त्या रीतीत एकमेकांत गुंतलेले असत. पण तुमचा पेच पुढचा आहे, की नाव कोणाच्या खाली लागते. माझ्या वाचनात असे आले की, वतन आणि वंशयादी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बवाजाने जे वेशीत कबूल केले ते महलोनाच्या शेतीपुरते होते. वंशाची यादी मात्र जन्मदात्यावरून चालली. म्हणून १ इतिहास २:४ मध्ये तामारेपासून यहूदाला पेरेस व जेरह झाले असे सरळ लिहिले आहे आणि यहूदाचे एकंदर पाच मुलगे मोजले आहेत, त्यांत एर व ओनानही आहेत. तेव्हा रेघ यहूदाकडेच न्यावी, आणि पाचही नावे एका ओळीत लिहावीत.

तरीही मेलेल्या दोघांना त्या घराने सोडले नाही, असे मला वाटते, आणि त्याच्या दोन खुणा आहेत. उत्पत्तीच्या ४६व्या अध्यायात मिसरात गेलेल्यांची यादी आहे. तिथे एर व ओनान कनान देशात मेले हे सांगून लगेच त्याच वचनात पेरेसचे मुलगे हेस्रोन व हामूल यांची नावे येतात. दोघे गेले, त्यांच्या जागी दोघे नातू भरले. ही मांडणी अशीच समजली पाहिजे, कारण वर्षांचा हिशेब काढला तर हे नातू तेव्हा जन्मलेलेही असू शकत नाहीत: यहूदाचे लग्न त्याचा भाऊ योसेफ विकला गेल्यानंतरचे धरले, तर योसेफ विकला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा, त्यानंतर सुकाळाची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन. म्हणजे मध्ये २२ वर्षे. तेवढ्यात यहूदाचे लग्न, तीन मुलगे, थोरल्याचे लग्न, तामारेचे वाट पाहणे, जुळ्यांचा जन्म आणि वर त्यातल्या एकाला दोन मुलगे, हे बसत नाही.

दुसरी खूण मला फार उशिरा दिसली. १ इतिहासाच्या ४थ्या अध्यायात २१व्या वचनात शेलाची संतती दिली आहे. ज्या शेलाला तामारेपासून लपवून ठेवले होते, त्याच्या मुलाचे नाव एर आहे. थोरल्या भावाचे नाव धाकट्याने आपल्या मुलाला ठेवले. आपल्याकडे वारलेल्या वडीलधाऱ्याचे नाव नातवाला ठेवतात आणि मग सून त्या पोराला नावाने हाक मारत नाही, 'आबा' म्हणते; तसा तो प्रकार आहे. पुढे त्याच शेलाच्या वंशात तलम ताग विणणारी घराणी आणि राजाच्या कामावरचे कुंभार झाले, असे तिथे लिहिले आहे.

उत्तर ३ (नवापूरहून)

सरांचे आणि भुसावळच्या दादांचे लिखाण वाचून आनंद झाला. ताई, तक्त्यात लेकींसाठी जागा सोडाल का? १ इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात दावीदाच्या बहिणी सरुवा आणि अबीगईल यांची नावे आहेत, आणि सरुवेचे अबीशय, यवाब व असाएल हे तिघेही मुलगे आईच्या नावाने ओळखले जातात. त्याच अध्यायात हेस्रोनाचा थोरला मुलगा यरहमेल याच्या घराण्यातला शेशान पाहा. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याने आपली मुलगी यरहा नावाच्या आपल्या मिसरी चाकराला दिली, आणि तिच्या पोटी अत्तय झाला. अत्तयापासून अलीशामापर्यंत तेरा पिढ्या एकामागून एक लिहिल्या आहेत; पेरेसपासून दावीदापर्यंतच्या दहांहून त्या अधिक भरतात. बाहेरून आलेल्या चाकराच्या आणि घरच्या लेकीच्या संततीला लिहिणाऱ्याने एवढी जागा दिली, हे आमच्या इथल्या मुलींना मी दरवर्षी मुद्दाम वाचून दाखवते. याच घराण्यातले सेलेद आणि येथेर मूलबाळ न होता वारले, तेही तिथे नोंदलेले आहे. दादांनी सांगितलेला 'लावल्द' शब्द मला तिथेच आठवला.

एक सावधगिरीची गोष्ट. राम नावाचे दोघे आहेत, एक हेस्रोनाचा मुलगा आणि दुसरा यरहमेलाचा, म्हणजे काका-पुतणे. दावीदाची रेघ काकाकडून येते. मत्तयात तेच नाव अराम असे आले आहे, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. इशायाच्या मुलांचेही तसेच आहे: १ शमुवेलात ते आठ आहेत, आणि १ इतिहासात दावीद सातवा मोजला आहे. आमच्या तक्त्यात आम्ही आठवी चौकट रिकामी काढली आहे.

प्रश्नकर्तीकडून

सरांचे, दादांचे आणि नवापूरच्या ताईंचे मनापासून आभार. काल रात्री पेन्सिल खोडून पुन्हा आखणी केली. पाचही मुलगे एका ओळीत आले आहेत, हेस्रोन ते नहशोन आणि सल्मोन ते बवाज या दोन जागी तुटक रेघ मारली आहे, आणि शेशानाच्या लेकीसाठी उजवीकडे आणखी एक कार्डशीट जोडावे लागले. त्या मुलीला रविवारी एलाजार ते सादोक ही दहा नावे फळ्यावर लिहायला सांगणार आहे, म्हणजे पाच आणि दहा तिच्या ती मोजेल. शेलाच्या खाली एराचे नाव लिहिताना वरच्या एराइतकीच अक्षरे मोठी काढली आहेत.