स्त्रीरोग पीजी (पदव्युत्तर शिक्षण), एकटी पालक, मुलगा अडीच वर्षांचा: कॉलच्या रात्रीची सोय कशी लावायची?

प्रश्न: नवी_जेआर

सरकारी महाविद्यालयात स्त्रीरोगला जागा मिळाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. वसतिगृहात मुलांना राहू देत नाहीत. आई वर्षाला फार तर तीन महिने येऊ शकेल. आठवड्याला एक-दोन २४ तासांचे कॉल (रुग्णालयातच राहून सलग ड्यूटी), आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डची कामं उरकेपर्यंत संध्याकाळ होते, असं सीनियर सांगतात. पाळणाघर ९ ते ७. रात्रीचं काय करावं? आईला नेमकं कधी बोलवावं? रजा किती धरून चालू?

रातपाळी

पाळणाघराआधी घर बघा. रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांच्या आत, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

कॉलच्या रात्रीची तयारी सगळेच करतात. घोळ होतो तो रोजच्या दिवशी. तुमची राउंड ७ ला, त्याआधी वॉर्डची कामं, म्हणजे घरून ६ ला निघणं. पाळणाघर ९ ला उघडतं. संध्याकाळी ७ ला त्यांचं कुलूप, ओटी डेला (शस्त्रक्रियांच्या दिवशी) तुम्ही ९ पर्यंत अडकलेल्या. सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन, असे पाच तास उघडे पडतात. त्यासाठी जवळच राहणारी एक मावशी धरा: ६ ला येईल, मुलाला उठवून, भरवून ९ ला सोडेल, ७ ला आणेल, तुम्ही येईपर्यंत थांबेल. दुपारभर ती मोकळी असल्यामुळे तिची बाकीची कामं सुटत नाहीत, म्हणून ती टिकते.

रात्रीसाठी दुसरी बाई हवी. दोन्ही एकीवरच टाकलं तर कॉलच्या दुसऱ्या दिवशी तिचेही तीस-पस्तीस तास होतात आणि ती दोन महिन्यांत काम सोडते. पैसे दर रात्रीप्रमाणे ठरवा, म्हणजे कॉल आयत्या वेळी बदलला तरी वाद नाही. मात्र महिन्याला किमान सहा रात्रींचे पैसे नक्की, प्रत्यक्षात चारच झाल्या तरी, असं आधीच कबूल करा. नाहीतर ती कुठेतरी पेशंटजवळ बसायचं काम धरते, आणि तुमच्या कॉलच्या संध्याकाळी फोन उचलत नाही. दोघींच्या आधार कार्डाची प्रत घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी द्या.

पहिल्या कॉलआधी तीन रात्री सराव करा. पहिली रात्र तुम्ही त्याच खोलीत, पण उठायचं तिने. दुसरी रात्र तुम्ही बाहेरच्या खोलीत. तिसरी रात्र घराबाहेर. मूल २ वाजता उठून आईला शोधतं, तेव्हा ती बाई त्याला कुशीत घेते की मोबाइल हातात देते, हे आधी कळलं पाहिजे.

आईचे तीन महिने सलग वापरू नका. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी मुलाला पाळणाघरात घाला, आई रुजू व्हायच्या दिवसापासून सहा आठवडे. नव्या पाळणाघरात पहिले काही महिने सर्दी-ताप मागे लागतोच, त्याच वेळी तुम्हीही वॉर्डात रुळत असता. उरलेले दिवस हातात ठेवा.

माजी_रजिस्ट्रार

रजेबद्दल. २०२३ च्या पीजी नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, शिवाय ५ दिवस शैक्षणिक रजा. आठवड्याची सुट्टी कामाच्या निकडीनुसार. हजेरी ८० टक्के लागते. वीसपैकी निम्म्या रजा मुलाच्या आजारपणासाठी राखा, पहिल्या सहामाहीत लग्नकार्यात घालवू नका.

ड्यूटीचं रोस्टर लागल्यावर बदल मागू नका, लागायच्या आधी मागा. आणि सवलत नको, अदलाबदल मागा. युनिटचा (तुमच्या डॉक्टरांच्या गटाचा) इमर्जन्सी डे, म्हणजे कॉलचा वार, ठरलेला असतो, त्या वाराला रात्रीची बाई कायमची बांधून टाका. फिरतात ते रविवार. आई घरी असेल त्या आठवड्यांत दोन रविवार आपणहून घ्या, म्हणजे मूल तापलं की को-रेसिडेंट (सोबतचा निवासी डॉक्टर) एक रात्र सहज उचलतो. एचओडींना (विभागप्रमुखांना) परिस्थिती पहिल्याच आठवड्यात सांगा. अडचण आल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

जिल्हा रेसिडेन्सी विसरू नका. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात (सत्र सहा महिन्यांचं) तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. तिथे ना तुमची मावशी, ना पाळणाघर. दुसऱ्या सत्रातच समन्वयकांना लेखी अर्ज करा, माहेरचा जिल्हा किंवा ये-जा करता येईल असं ठिकाण मागा. आईचा राखलेला काळ इथे लावा.

नवी_जेआर

खूप आभार. महाविद्यालयातच पाळणाघर असावं असा काही नियम आहे ना?

रातपाळी

आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली, हीच तरतूद तिच्या कलम ६७ मध्ये आहे. रेसिडेंट हे विद्यार्थी, असं म्हणून अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून परिचारिकांसोबत एकत्र अर्ज द्या, कलम ६७ लिहून, अधिष्ठात्यांच्या नावे, आणि पोच घ्या. मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सोबत न्या. वेळ २४ तासांची मागा, कारण रात्रपाळी परिचारिकांनाही असते.

पाळणाघर_ताई

आमच्या बाजूचं सांगते. ताप असलेलं मूल आम्ही घेत नाही, आणि औषध न देता २४ तास ताप नसेल तरच परत घेतो. म्हणजे एका तापाचे किमान दोन दिवस धरा. कुणाकुणाच्या हाती मूल द्यायचं ती यादी फोटोसकट द्या. ओटीत असताना तुमचा फोन लागणार नाही, म्हणून वॉर्डाचा नंबर आणि एका को-रेसिडेंटचा नंबरही. लसीकरण कार्डाची प्रत आणि मुलाला आमच्याकडून कॅज्युअल्टीत न्यायची सहीची संमती पिशवीत राहू द्या.

औषधाचं 'वजनाप्रमाणे दे' एवढं सांगून भागत नाही. पॅरासिटामॉल सिरप दोन ताकदींत मिळतं. १५ मिग्रॅ प्रति किलोने १२ किलोला १८० मिग्रॅ: ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ३.६ मिली, ५ मिलीत १२० असेल तर ७.५ मिली. एक बाटली संपली की मावशी दुकानातून दुसऱ्या ताकदीची आणते आणि मात्रा जुनीच देते, म्हणजे दुप्पट तरी नाहीतर निम्मी. घरी आणि पाळणाघरात एकच ताकद ठेवा, बाटलीवर 'अमुक मिली, सहा तासांनी' अशी पट्टी चिकटवा, सोबत तोंडाने द्यायची सिरिंज बांधा. शेवटचा डोस किती वाजता दिला ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. वजन दर दोन महिन्यांनी करून पट्टी बदला.