मदत हवी आहे: पद्मिनीत जिप्सीचं रॅली इंजिन, मागचा ॲक्सल टिकेल का?

मंडळी, प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसी इंजिन काढून जिप्सीचं 1298 सीसी रॅली-ट्यून इंजिन बसवतोय. गिअरबॉक्सही जिप्सीचाच, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असते म्हणून ती सरळ काढून टाकली. माउंट बनवून झालेत, इंजिन बसलंय, पुढे ड्रमऐवजी डिस्क लावणारच आहे. गाडी फक्त ट्रॅकवर, तीही ट्रेलरवरून न्यायची, त्यामुळे आरटीओचा विषय सध्या नको. बॉडी मात्र कुठेही कापायची नाही, तो आकार बिघडला तर पद्मिनी कसली!

अडलंय मागे. जिप्सीचा ॲक्सल लावावा तर त्याचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) मधोमध नसून एका बाजूला असतो, गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट तिरका जाईल. कोणी प्रत्यक्ष केलंय का, पद्मिनीचा ओरिजिनल ॲक्सल या इंजिनची जवळपास दुप्पट ताकद झेलतो का, नाहीतर दुसरा कुठल्या गाडीचा बसेल?