‘डेअस एक्स’ घरच्या टीव्हीवर आला, पण अख्खा आला का?

रामदासपेठी

माझं मत आधी सांगतो, मग भांडू. ‘डेअस एक्स’ २००२ च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन २ या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर (कन्सोलवर) नेला तेव्हा त्याच्या नकाशांवर, म्हणजे खेळात फिरायच्या जागांवर, कात्री चालली, आणि या खेळाचा जीव नकाशातच आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक वॉरन स्पेक्टर आणि आयन स्टॉर्म कंपनीच्या ऑस्टिनमधल्या मंडळींनी तो २००० साली संगणकासाठी काढला. हातात बंदूक असते, पण नेम किती लागेल हे तुम्ही गुण कुठे घातले त्यावर ठरतं. कुलूप उघडणं, संगणकात घुसणं, पोहणं, पिस्तूल, रायफल अशी एकूण ११ कौशल्यं. सगळी कुणालाच जमत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाचा खेळ वेगळा होतो.

सुरुवातीचं लिबर्टी बेट घ्या, न्यूयॉर्कचं, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं. धक्क्यावर नायकाचा, म्हणजे आपला, भाऊ पॉल भेटतो, तीनातलं एक शस्त्र निवडायला लावतो आणि सोडून देतो. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश तापलेलं असताना, मी कूलरसमोर बसून त्या बेटाला नुसत्या प्रदक्षिणा घातल्या आहेत. पहारेकरी कुठवर जातो, कुठे वळतो, मागच्या बाजूने खोक्यांवर चढून पुतळ्यात शिरता येतं का. पहिली गोळी झाडायच्या आधी तास गेला असेल. तो तास म्हणजेच हा खेळ.

संगणकाच्या आवृत्तीला ६४ एमबी मेमरी लागायची, प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य मेमरी ३२ एमबी. मग मोठे नकाशे तोडले, मधे लोडिंगसाठी, म्हणजे पुढचा भाग मेमरीत येईपर्यंत थांबायला, जागा काढल्या. नकाशा बदलताना संगणकावरही थांबावं लागायचंच, पण ते थांबणं खेळाच्या रचनेत बसवलेलं होतं. इथे मात्र आधी बांधून झालेलं घर मागाहून भिंती घालून वाटलं. शिवाय लोडिंगच्या दारापलीकडे पाठलाग करणारा शिपाई येत नाही. जितकी दारं जास्त, तितकी भीती कमी.

२००३ चा पुढचा भाग बघा. संगणक आणि एक्सबॉक्स हा दुसरा कन्सोल, दोन्हींसाठी एकत्र बनवला: कौशल्यं काढून टाकली, सगळ्या बंदुकांना एकच दारूगोळा, खोल्या चिमुकल्या. ही वाट कन्सोलनेच दाखवली असं मला ठामपणे वाटतं.

सक्करदरावाला

भाऊ, नाही पटत बाप्पा.

२००० साली तुमच्या घरी ६४ एमबीचा संगणक होता. आमच्या घरी नव्हता आणि पुढची सहा वर्षं आलाही नाही. आमच्याकडे २१ इंची टीव्ही होता आणि मामाने दिलेलं जुनं प्लेस्टेशन २. मी ‘डेअस एक्स’ खेळलो तो त्याच्यावरच, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. कन्सोलवर नेमबाजी अवघड जाते असं सगळे म्हणतात, अन् ते खरंही आहे. अंगठ्याने कांडी फिरवून कोणाच्या डोक्यावर नेम धरणं माऊसइतकं सोपं नाही. पण हा खेळ त्या घाईचा आहेच कुठे? उभं राहून श्वास धरला की नेमाच्या रेषा हळूहळू जवळ येतात. पळत पळत झाडली तर गोळी भिंतीत. म्हणजे थांबणाऱ्यालाच फळ आहे. संगणकावरच्या सगळ्या शूटरांत, म्हणजे गोळीबाराच्या खेळांत, कंट्रोलरला सगळ्यात जास्त मानवणारा हाच, असं माझं म्हणणं.

आता हॉटेलातला तो प्रसंग. शिपाई चढून येतात, पॉल म्हणतो तू खिडकीतून नीघ. मी नाही निघालो. खोलीत, जिन्यात, खाली सगळ्यांशी लढून पुढच्या दाराने बाहेर पडलो. पॉल जगला. जगवता येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, खेळानेही नाही. रात्रीचे दोन वाजले होते, आई आतून ओरडत होती, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. हे जर कापलेल्या खेळात होत असेल, तर कापलं काय राजेहो?

आणि २००३ चं खापर २००२ वर काहून फोडता? तो खेळच वेगळा, यंत्रही वेगळं. तिथले निर्णय बनवणाऱ्यांनी स्वतः घेतले. ‘हेलो’ बघा. १९९९ मध्ये दाखवला तेव्हा तो मॅक आणि विंडोजसाठीच होता. २००१ मध्ये एक्सबॉक्सवर आला, एका वेळी दोनच बंदुका घ्यायच्या, आणि त्या अडचणीतूनच दर मिनिटाला निवड करायची मजा आली. कमी जागा म्हणजे कमी खेळ, असं गणित नसते.

निशिगंध

मी दोन्हीकडे खेळले आहे, म्हणून मधेच बोलते. नकाशे तुटल्याचं मला फारसं जाणवलं नाही. त्रास झाला तो अक्षरांचा.

या खेळात वाचायला किती आहे! वर्तमानपत्रं, दुसऱ्यांच्या ईमेल, टेबलावर पडलेल्या टिपणांच्या चकत्या. दाराचा कोड त्यातच कुठेतरी असतो आणि कथेचा निम्मा अर्थही. संगणकावर आपण पडद्यापासून हातभर अंतरावर बसतो. टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना खोचून आलेलं चित्र, दिवाणावरून बघितलं तर ३ आणि ८ सारखेच दिसायचे. मी सतरंजी टाकून टीव्हीच्या पुढ्यात, मान वर करून वाचत बसायचे. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी अडखळत वाचणारी मुलगी, आणि त्यात अक्षर फुटलेलं. दोन महिन्यांनी मी वाचणंच सोडून दिलं आणि नुसती पुढे जात राहिले. पुढे कॉलेजात मैत्रिणीच्या संगणकावर तोच खेळ पाहिला तेव्हा कळलं, मी किती माणसांचं बोलणं न ऐकताच पुढे गेले होते.

खेळ घरी आणायचा तर घर कसं असतं, माणूस कुठे बसतो, हे आधी बघायला हवं. मेमरीचं नंतर.

नंदनवन_गल्ली_३

तुम्ही तिघंही घरी खेळणारे. आमच्यासारख्यांनी प्लेस्टेशन २ पाहिलं ते तासावर. नागपुरात बर्डीच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात चार टीव्ही, तासाला २० रुपये, आणि सगळ्यांत मिळून एक ८ एमबीचं मेमरी कार्ड.

मी आठवड्याचे पैसे साठवून शनिवारी जायचो. पहिल्या दिवशी बेट संपवलं, सेव्ह केलं. पुढच्या शनिवारी गेलो तर कार्डावर जागा हवी म्हणून कोणीतरी माझा सेव्ह पुसून क्रिकेटचा टाकला होता. परत बेट. तिसऱ्या शनिवारी परत. लिबर्टी बेट मी सहा-सात वेळा खेळलो असेन, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एकदाच पोचलो.

कुस्तीचा, गाड्यांचा खेळ तासावर चालतो. जो खेळ आपली निवड तीस तास लक्षात ठेवतो तो चालत नाही. त्यामुळे तो कन्सोलवर आला तेव्हा सगळ्यांसाठी खुला झाला, हे सक्करदरावाल्यांचं म्हणणं मला अर्धंच खरं वाटतं. तो कार्ड स्वतःचं असणाऱ्यांसाठी खुला झाला.

रामदासपेठी

नंदनवनवाले, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. संगणकावर मी दर दोन मिनिटांनी एक बटण दाबून सेव्ह करायचो, काही चुकलं की परत. ती चैन होती हे आज कळतंय.

सक्करदरावाले, नेमाबद्दल तुमचं मान्य. थोडं मात्र राहतंच. कन्सोलवर आपोआप नेम धरायची सोय दिली, ऐच्छिक होती हे कबूल. पण पिस्तुलाच्या कौशल्यात गुण घालायचे कशासाठी? नेम सुधारावा म्हणून. तो फुकट मिळाला की ते गुण कुलूप उघडण्याच्या कौशल्यात जातात, आणि मग त्या ११ कौशल्यांतलं वजनच हलतं. एक सोय दिली की दुसरीकडे असं काहीतरी सुटतं.

‘हेलो’चं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो बांधतानाच बदलला. ‘डेअस एक्स’ बांधून झाल्यावर तोडला. २०२० चा ‘सायबरपंक २०७७’ आठवा. शहर आधी दणकट संगणकाच्या मापाने उभं केलं आणि मग सात वर्षं जुन्या प्लेस्टेशन ४ मध्ये कोंबलं. १० डिसेंबरला आला, १७ तारखेला सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, परत विकायला ठेवला तो २०२१ च्या जूनमध्ये. २०२३ चा त्याचा विस्तार जुन्या यंत्रांवर आणलाच नाही, आणि तो निर्णय मला प्रामाणिक वाटतो.

सक्करदरावाला

पण तोच ‘सायबरपंक’ २०२५ च्या जूनमध्ये हातात मावणाऱ्या स्विच २ वर, यंत्र निघालं त्याच दिवशी आला. मी खेळतोय. वर्ध्याला जाताना गाडीत खेळतो. म्हणजे वेळ दिला, मन लावून केलं तर होते. दोष नेण्यात नाही, घाईत आहे.

निशिगंध ताई, अक्षरांचं शंभर टक्के खरं. मी पण टीव्हीला नाक लावून बसायचो, फक्त तो खेळाचा दोष आहे असं तेव्हा वाटलं नाही. वाटलं, टीव्ही असाच असतो.

रामदासपेठी

घाईबद्दल सहमत. नकाशाबद्दल मी हटणार नाही. माझा जुना संगणक अजून चालतो. रविवारी तुमचं प्लेस्टेशन घेऊन या, दोन्ही शेजारी लावू. धक्क्यापासून पुतळ्याच्या माथ्यापर्यंत, एकही माणूस न मारता, आधी संगणकावर आणि मग टीव्हीवर. शिपाई मागे लागला की कुठपर्यंत येतो ते मोजू. तर्री पोहे माझ्याकडून. नंदनवनवाले, निशिगंध, तुम्हीही या.

नंदनवन_गल्ली_३

येतो. माझं स्वतःचं कार्ड आणतो.