लंडन, ऑगस्ट २०११: पोलीस मऊ पडले की कमी पडले?

खिडकीकडेचा
लंडनच्या दंगलीचा विषय निघाला की 'पोलीस बघत बसले' हे ठरलेलं वाक्य येतंच. मला ते अर्धंच पटतं. ४ ऑगस्टला उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डगन मेला. ६ तारखेला घरचे आणि वस्तीतले लोक ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीपासून चालत पोलीस ठाण्यावर गेले. मागणी एकच, कुणीतरी वरिष्ठाने बाहेर येऊन काय झालं ते सांगावं. कित्येक तास ताटकळले, धड उत्तर नाही. अंधार पडल्यावर गाड्या पेटल्या, मग हॅकनी, क्रॉयडन, ईलिंग. सोमवारी रात्री रस्त्यावर सुमारे ६,००० पोलीस होते, मंगळवारी १६,००० उतरवले आणि शहर शांत झालं. ना गोळीबार, ना अश्रुधूर. माणसं कमी होती, हत्यारं नव्हे.

आडगल्ली
मंगळवारी! सोमवारीच क्रॉयडनचं रीव्ह्ज फर्निचरचं दुकान खाक झालं होतं. १८६७ पासूनचं, दोन महायुद्धांतून तगलेलं. ईलिंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांना आग लावणाऱ्यांना अडवायला गेलेला ६८ वर्षांचा माणूस मारहाणीत जीवाला मुकला. साउथहॉलला शीख मंडळी गुरुद्वाऱ्यावर पहारा देत होती, डॉलस्टनला तुर्की दुकानदार. लोकांनीच काठ्या घेऊन उभं राहायचं तर कर कशाला भरायचा? प्लास्टिकच्या गोळ्यांची परवानगी होती. वापरल्या का नाहीत?

गिरणगावकर
आडगल्ली, गोळीने काय होतं ते मुंबईने बघितलंय. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा हिशोब आहे: डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मिळून ९०० मृत्यू, त्यातले ३५६ पोलीस गोळीबारात. डिसेंबरमध्ये एवढ्या गोळ्या झाडूनही जानेवारी टळला नाही. उलट पोलीस एका बाजूचे आहेत ही भावना पक्की झाली.

आडगल्ली
तुलनाच चुकीची. तिथे धर्माच्या नावाने माणसं मारली गेली, इथे पोरं बूट आणि टीव्ही पळवत होती. शिवाय प्लास्टिकची गोळी म्हणजे ३०३ रायफलची गोळी नव्हे.

खिडकीकडेचा
लूट होतीच, नाकारतंय कोण? पण सगळा कडकपणा नंतर कोर्टात निघाला. साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या चोरल्या म्हणून एका विद्यार्थ्याला सहा महिने. फेसबुकवरून दंगलीचं आवतण देणाऱ्या चेशरमधल्या दोघांना चार-चार वर्षं, आणि तिथे दंगल झालीच नाही! ठाण्याच्या दारात संवाद तुटल्यावर मग कोर्टातून जरब बसवून काय उपयोग? (जरब हवीच असेल तर तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांचे जमाव पांगवायचे पाण्याच्या माऱ्याचे बंब आठवा. जर्मनीहून तीन जुने आणले, दोन लाखांहून जास्त पौंड घातले, तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१५ मध्ये परवानगीच नाकारली. शेवटी ११ हजारांच्या आसपास भंगारात.)

आडगल्ली
बंबांचं सोडा, ती जॉन्सनची हौस. २०१४ मध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीने डगनचा मृत्यू कायदेशीर ठरवला, हे तुमच्या धाग्यात का नाही?

गिरणगावकर
आणि गोळी लागली तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल नव्हतं, हेही त्याच ज्युरीच्या बहुमताने सांगितलं. ते तुमच्या प्रतिसादात का नाही?

आडगल्ली
हातात नव्हतं, पण टॅक्सीत सोबत होतं असंही तीच ज्युरी म्हणते. निकाल पूर्ण वाचा. आणि रीव्ह्जवाल्यांना जाऊन विचारा, ज्युरी काय म्हणाली याने त्यांना काय फरक पडला.