ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर मॉस्फेट तापतो, पंप मात्र दमलेला

घणसोली_गच्ची
गच्चीवरच्या कुंड्यांसाठी १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वरून चालवायचा आहे. लेबलवर ३ अँपियर लिहिलंय. मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) आयआरएफ५४०एन, सोर्स ग्राउंडला, ड्रेनवर पंपाची काळी वायर. गेट थेट बोर्डच्या सिग्नल पिनला, जीपीआयओ १४ ला, मध्ये १०० ओहम. पंपावर १एन४००७ डायोड उलटा लावलाय. दोन्ही ग्राउंड एकत्र आहेत, तपासलंय.

पूर्ण ऑन ठेवल्यावर मोजलेले आकडे: गेटवर ३.२८ व्होल्ट, ड्रेन-सोर्समध्ये २.६ व्होल्ट, करंट २.४ अँपियर. मिनिटभरात मॉस्फेटच्या पत्र्याला बोट लावता येत नाही. गेट पिनवरून सोडवून त्याच १०० ओहममधून १२ व्होल्टला लावलं की पंप झकास पळतो. डेटाशीटमध्ये गेटचा थ्रेशोल्ड (उंबरठ्याचा व्होल्टेज) २ ते ४ व्होल्ट दिलाय, मग ३.३ पुरायला नको का? शिवाय रिसेट केलं की पंप एक झटका मारतो, तो का?

रबाळे_बेंच
थ्रेशोल्डचा आकडा बघून पार्ट घेतला की हमखास हेच होतं. थ्रेशोल्ड म्हणजे मॉस्फेट 'चालू' होण्याचा व्होल्टेज नाही. त्या ओळीतली अट वाचा: ड्रेन करंट २५० मायक्रोअँपियर. म्हणजे दार नुसतं किलकिलं झालं. तुमच्या पंपाला त्याच्या बारा हजार पट करंट हवाय. बघायची ओळ वेगळी, ऑन रेझिस्टन्सची, आणि तिथेही गेटला किती व्होल्ट दिले होते ते आधी. ५४०एन चे ४४ मिलिओहम १० व्होल्टला आहेत. ३.३ व्होल्टबद्दल कंपनी काहीच कबूल करत नाही, एक नग चालेल, दुसरा नाही.

तुमचाच हिशेब: २.६ गुणिले २.४ म्हणजे सव्वासहा वॅट. हीटसिंकशिवाय टीओ-२२० ची (५४०एन च्या पॅकेजची) पाटी वॅटमागे सुमारे ६२ अंश चढते. बोट लागणार कसं? हीटसिंक लावून पार्ट वाचेल, पण पंपाचे २.६ व्होल्ट परत येणार नाहीत.

पार्ट बदलायचा तर लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी गेट व्होल्टेजवर नीट उघडणारा घ्या. दुकानात मागितला की आयआरएलझेड४४एन हातात देतात. त्याचे आकडे ५ व्होल्टला २५ आणि ४ व्होल्टला ३५ मिलिओहम आहेत, ३.३ ला नाहीत. ३ अँपियरला बहुतेकदा निभावतो, तरी कागदावर आधार नाही. कागदावर हवं असेल तर आयआरएलएमएल६३४४: गेटला २.५ व्होल्ट असताना जास्तीत जास्त ३७ मिलिओहम. ३ अँपियरला तिसरा हिस्सा वॅट. पार्ट मात्र तांदळाच्या दाण्याएवढा, एसओटी-२३. पीसीबीवर तांब्याचा पट्टा रुंद ठेवा.

टीआयपी_प्रेमी
एवढी भानगड कशाला? टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर घाला, बेसला १ के (किलोओहम). लोक वर्षानुवर्षं करतायत.

रबाळे_बेंच
५ व्होल्टच्या बोर्डवर, अर्ध्या अँपियरला, चालतं हो. ३ अँपियरला तो डार्लिंग्टन (एकात दोन ट्रान्झिस्टर) २ व्होल्टपर्यंत स्वतःच खातो, म्हणजे ६ वॅट. आहे तिथेच आलो. शिवाय ३ अँपियरला त्याचा बेस अडीच व्होल्टपर्यंत मागतो आणि डेटाशीट बेसला १२ मिलिअँपियर धरते. ३.३ मधून उरले ०.८, १ के मधून मिळणार जेमतेम ०.८ मिलिअँपियर.

सोल्डर_आणि_चहा
५४०एन फेकू नका राव, चांगला पार्ट आहे. त्याला गेट ड्रायव्हर (गेटला पूर्ण व्होल्टेज देणारी आयसी) द्या: टीसी४४२७, आठ पायांचा. ६ नंबरला १२ व्होल्ट, ३ नंबर ग्राउंड, २ नंबरला ईएसपीची पिन, ७ नंबरमधून २२ ओहम घेऊन गेट. न वापरलेला ४ नंबर ग्राउंडला बांधा, लोंबकळत ठेवू नका. ६ आणि ३ च्या अगदी मुळाशी १ मायक्रोफॅरड आणि १०४ नंबरचा सिरॅमिक. इनपुटला २.४ व्होल्ट पुरतात, त्यामुळे ३.३ वर बिनधास्त. घेताना ४४२७ च घ्या. ४४२६ उलटा चालतो.

बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टच्या पुलअपनेही (गेट वर ओढणारा रेझिस्टर) जमतं, पण दोन खोड्या आहेत. सिग्नल उलटतो, म्हणून रिसेटमध्ये पिन मोकळी सुटली की पंप थेट चालू. आणि १० के च्या पुलअपने गेट भरायला ७० मायक्रोसेकंद लागू शकतात. तेवढा वेळ मॉस्फेट अर्धवट उघडा. नुसत्या चालू-बंदला चालेल, पीडब्ल्यूएमला (भराभर चालू-बंद करून वेग बदलायला) नाही.

झटका: बूट होताना १४ नंबर पिनवर सिग्नल येतो. २५, २६ किंवा २७ वापरा. ड्रायव्हरच्या इनपुटला १० के ग्राउंडकडे, गेट ते सोर्सही १० के. इथे १०० के टाकायचा मोह नको. जूनपासून आपल्याकडे डब्याच्या आतही ओल धरते, न पुसलेल्या फ्लक्समधून गळती होते आणि गेट हळूच वर सरकतं.

घणसोली_गच्ची
४४२७ लावला, पिन २६ केली. आता गेटवर ११.९ व्होल्ट, ड्रेन-सोर्समध्ये ०.१२, करंट ३ अँपियर. पत्रा कोमट. रिसेटचा झटकाही गेला. १ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमला पंप किणकिणतो, म्हणून २० किलोहर्ट्झवर नेलं, तर आता डायोड तापतोय.

सोल्डर_आणि_चहा
तापणारच. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरचा गडी, शिवाय १ अँपियरचा. दर ५० मायक्रोसेकंदांनी मॉस्फेट उघडतो तेव्हा तो अजून बंद झालेला नसतो आणि १२ व्होल्ट क्षणभर सरळ शॉर्ट होतात. त्या जागी १एन५८२२ शॉटकी (चटकन बंद होणारा डायोड) लावा, ३ अँपियर, ४० व्होल्ट. पट्टीची बाजू पंपाच्या लाल वायरला. पंपापर्यंत वायर लांब असेल तर डायोड बोर्डावर मॉस्फेटला खेटून हवा, आणि त्याच्या पट्टीपासून ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा.