मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, आता काय करू?

मदत हवी आहे. वय 24, पुण्यात पहिलीच नोकरी. गेल्या वर्षी रूममेटच्या बाइकच्या कर्जाला जामीन राहिलो. चहाच्या टपरीवर, बाकड्यावर कागद ठेवून, न वाचता सह्या केल्या. "नुसती फॉर्मॅलिटी आहे रे," म्हणाला. आता तीन हप्ते थकलेत, तो फोन उचलत नाही (बाइक मात्र त्याच्याकडेच आहे) आणि वसुलीवाले माझ्या ऑफिसात फोन करतात. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 आत्ता वाचलं: करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बाबांना अजून सांगितलेलं नाही, जीव टांगणीला लागलाय. हप्ते मी भरले तर त्याच्याकडून वसूल कसे करू? सिबिल स्कोअर सावरेल का? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.