सातेरीच्या वारुळावरची लहान कला-गोधडी : प्रसादाच्या साडीला कात्री लावावी का?

प्रश्न (फोंड्याहून)

नमस्कार. देवघराशेजारच्या भिंतीसाठी १६ इंच रुंद व २० इंच उंच अशी एक कला-गोधडी शिवण्याचे मनात आहे. विषय आमच्या ग्रामदेवतेचा, सातेरीचा आहे. आपल्याकडे अनेक गावांत ती वारुळाच्या रूपात पूजिली जाते, म्हणून चेहरा, हात, आयुधे काहीही न दाखवता तांबड्या मातीची रोयण (वारूळ), तिच्यावर वाहिलेली फुले आणि भोवती जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी कावी नक्षी, एवढेच दाखवायचे आहे. देवीला नेसवलेली एक तांबडी रेशमी साडी आम्ही पावणीत (देवळातल्या लिलावात) घेतली होती. तिचे कापड वारुळासाठी वापरावे असे मला वाटते, परंतु प्रसादाच्या वस्त्राला कात्री लावू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय नमुन्याच्या तुकड्यावर वारूळ अगदी सपाट दिसते. आत जादा कापूस भरावा का? कावीच्या पांढऱ्या रेषा रंगाने काढाव्यात की दोऱ्याने भराव्यात?

उत्तर १ (पेडण्याहून)

ताई, कावीची रेषा रंगवूही नका आणि भरूही नका. कावीत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करतात. म्हणजे तिथली पांढरी रेषा वरून काढलेली नसते, ती खालून वर आलेली असते. कापडात हेच उलट्या ॲप्लिकने साधते. खाली पांढरे सुती कापड, वर तांबडे सुती कापड ठेवून दोन्ही टाचून घ्यावीत, नक्षीच्या रेषेवर फक्त वरचे कापड टोकदार कात्रीने चिरावे आणि दोन्ही कडा सुईच्या टोकाने आत दुमडत बारीक टाक्यांनी बसवाव्यात. दुमडीसाठी दोन्ही बाजूंना जेमतेम पाव इंच कापड लागते, त्यामुळे नक्षी मोठी आणि मोजकी घ्यावी. १६ इंचांत संपूर्ण भिंत मावणार नाही.

तांबडे सुती कापड मात्र आधी धुऊन घ्यावेच. ओले असताना त्यावर पांढरी चिंधी दाबून पाहावी आणि तिला डाग लागेनासा होईपर्यंत धूत राहावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात पांढरी रेषा गुलाबी होईल.

जादा कापसाची गरज नाही. जिथे धावदोरा दाट पडतो तिथे गोधडी दबते आणि जिथे विरळ असतो तिथे ती आपोआप वर येते. वारुळाच्या कडेला समांतर अशा धावदोऱ्याच्या ओळी बाहेरच्या बाजूस एकमेकींना लागून घालाव्यात आणि वारुळावर दोन-चारच टाके द्यावेत. दाट टाक्यांनी तुकडा आक्रसतो, म्हणून चारही बाजूंनी दीड-दोन इंच कापड जास्त ठेवून शेवटी कापून काटकोनात आणावे.

उत्तर २ (डिचोलीहून)

कात्रीच्या बाबतीत मी थोडी वेगळी आहे. पावणीत घेतलेल्या साड्यांचे परकर-पोलके शिवलेले आपण सर्वांनीच पाहिले आहेत, त्यामुळे कापणे हाच दोष असे मला वाटत नाही. तरीही ही गोधडी देवघराशेजारी राहणार आणि सासूबाई रोज तिच्यासमोर हात जोडणार, तेव्हा त्यांच्या मनात किंतू ठेवून ती पुरी करण्यात अर्थ नाही. साडीला ब्लाउजपीस जोडलेला असेल तर तेवढाच घ्यावा. तो कापण्यासाठीच विणलेला असतो, आणि हे सासूबाईंनाही पटेल. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर देवीला कौल लावावा आणि मिळेल तो मानावा. रेशमाच्या कडा फार सुटतात, म्हणून मागे पातळ मलमल टाचल्याशिवाय त्याला हात लावू नये.

उत्तर ३ (मडगावहून)

मी ख्रिस्ती घरातला आहे, सातेरीविषयी अधिकाराने बोलणार नाही. परंतु श्रद्धा आणि गोधडी यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे जाते. ख्रिस्ती घरांतल्या कवंदींत कधी कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरांतल्या कवंदींत चंद्रकोर. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय कवंदी त्यांना पुरी वाटत नाही. ताईंनी वारुळावरची फुले अशीच दुमडून लावावीत, सपाट कापून चिकटवू नयेत.

टांगण्यासाठी मागे वरच्या कडेला, दोन्ही टोके उघडी ठेवून, कापडाची नळी शिवावी आणि तिच्यात पातळ काठी घालावी. खिळ्यांनी कोपरे ताणले जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेची चौकट टाळावी, कारण आत ओल धरून बुरशी येते. जूनमध्ये गोधडी उतरवून मलमलीत गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आणि उघाड पडली की सावलीत वाऱ्यावर टाकावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. साडीला ब्लाउजपीस आहे आणि सासूबाईंनी तो स्वतःच काढून दिला. पांढरे कापड मांजरपाट घ्यावे की केंब्रिक, एवढेच आता कोणी सांगावे.

उत्तर १ (पेडण्याहून)

केंब्रिक. मांजरपाटाचा रंग पिवळसर असतो, चुन्यासारखा पांढरा दिसणार नाही.